दोघांच्या वेलोमोबाईलची बातमी

सिग्नलला ती सायकलवरून एक पाय टेकून उभी होती. सकाळभर समोरून वारा खाऊन पार दमलेली, केसांच्या झिंज्या, आणि कार्यालयात पोचायला वीस मिनिटं उशीर. तेवढ्यात तिच्या कमरेजवळून कुणीतरी बोललं.

"अहो, मागच्या चाकात हवा कमी आहे."

तिने दचकून खाली बघितलं. शेजारी एक लांबुळकी पिवळी वस्तू येऊन थांबली होती. उंची जेमतेम तिच्या कमरेएवढी, पुढून निमुळती, अंगावर सांधा म्हणून दिसत नव्हता. वरच्या गोल भोकातून एका माणसाचं डोकं तेवढं बाहेर. कुरळे केस, नाकावर पांढरी भुकटी… आणि डोळ्यांत भलतंच प्रामाणिक कुतूहल.

"तुम्ही बोललात?"

"तुमच्या चाकाच्या उंचीवर दुसरं कोण आहे इथे?"

दिवा हिरवा झाला आणि ती वस्तू सुळकन् निघून गेली. त्याच वाऱ्यात, त्याच चढावर, आणि आवाज म्हणाल तर नुसती साखळीची कुरकुर! तिने दात-ओठ खाऊन पॅडल मारले आणि पुढच्या सिग्नलला त्याला गाठलं.

"हे… हे आहे काय?" तिला धाप लागली होती.

"वेलोमोबाईल. तीन चाकांची सायकलच ही. रेलून बसायचं, पाय पुढे करून पॅडल मारायचे. वरून हे कवच, वारा कापायला."

"इंजिन?"

"या दोन मांड्या."

"पाऊस आला तर?"

"डोकं सोडून सगळा कोरडा."

"आणि माणसं किती बसतात?"

"एकच." तो हसला. "तुमचे आणखी किती प्रश्न आहेत?"

"बरेच आहेत. कुठे येऊन विचारू?"

"जुन्या छापखान्याच्या मागे, हिरव्या दाराचं वर्कशॉप. पण आधी चाकात हवा भरा."

घरी तिला सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी पाहुण्यांना पाण्याचा पेला देण्याआधी तिने "तुम्ही कधी जाणार?" असं विचारलं होतं, तेव्हापासून. पुढे हा स्वभाव कामी आला. सायकलींच्या एका मासिकात ती उपसंपादक झाली आणि 'नवी चाकं' नावाचं अर्ध्या पानाचं सदर तिच्या गळ्यात पडलं. आजवर ते सदर ती कुलपं नि घंट्यांवर कसंबसं भरत होती. आता तिला खजिनाच सापडला होता… आणि खजिन्याला कुरळे केस होते, ही गोष्ट तिने संपादकांना सांगितली नाही.

दर मंगळवारी ती हिरवं दार ढकलून आत जाऊ लागली. आत राळेचा उग्र वास, भिंतीला टेकवलेली काळी कवचं, छताला टांगलेले पॅडल. तो साचे बनवायचा. साच्याला मेण लावायचं, त्यात कार्बनचं कापड अंथरायचं, वरून राळ. सुकली की कवच सोडवायचं, मग हाताने घासत बसायचं. वर्कशॉपची पत्रं-फोन त्याची थोरली बहीण बघे; तिला सगळे ताईच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा.

कामाच्या मध्ये दोघं जगभरच्या बातम्या वाचत. कुणी चढासाठी छोटी विजेची मोटर बसवली होती, कुणी कवच दीड किलोने हलकं केलं होतं, कुणी पावसासाठी वर पारदर्शक टोपी बनवली होती. प्रत्येक बातमीला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"रुंदी किती?"

"अहो, माणसं रंग विचारतात आधी!"

"रुंदी वाढली की वारा अडतो. रुंदी म्हणजे माझी जन्माची वैरीण." या पिवळ्या गाडीच्या खांद्यापाशी चार मिलिमीटर कमी करायला त्याने दोन महिने घातले होते, हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या नव्या बापासारखा झाला होता.

"चार मिलिमीटरांसाठी दोन महिने? लग्न झालेलं दिसत नाही तुमचं."

"कशावरून?"

"बायकोने घरात घेतलं नसतं."

तो लाजला आणि उगाच एक गुळगुळीत कवच पुन्हा घासू लागला. ताई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तुझा एक केस मागच्या आठवड्यात ओल्या राळेत पडला होता गं. एरवी धुळीचा कण दिसला तरी हा आकाशपाताळ एक करतो. तो केस मात्र तसाच राहू दिलाय."

"ताई, तुझा चहा निवतोय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झालेले तिने नीट बघून घेतले. त्या दिवशी परतीचा वारा समोरूनच होता, पण तिला तो जाणवलाच नाही.

आणि मग तिने घोटाळा केला.

त्या मंगळवारी वर्कशॉप बंद होतं. तो आणि ताई राळ आणायला गेले होते, आणि सदराचा मजकूर संध्याकाळी छपाईला जायचा होता. नवं काय चाललंय विचारलं की गेले काही दिवस तो "अजून सांगण्यासारखं नाही" म्हणून विषय बदलायचा. तिने खिडकीला नाक लावलं. आत जमिनीवर चादरीखाली काहीतरी लांबच लांब आडवं पडलं होतं. एका गाडीच्या दुप्पट. चादर दोन जागी आत दबली होती, एकामागे एक. बसायची दोन भोकं!

म्हणजे दोघांची गाडी. तो दोघांची गाडी करतोय आणि लाजेपोटी सांगत नाही. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. दिवसाला चाळीस प्रश्न विचारणाऱ्या या मुलीने नेमका तेव्हा फोन पिशवीतच ठेवला, आणि कार्यालयात जाऊन एका बैठकीत बातमी लिहून टाकली… 'आता येतेय दोघांची वेलोमोबाईल.'

अंक बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "अगं, दोघांची गाडी कुठली? चादरीखाली जुना साचा नि नवा साचा ओळीने ठेवला होता, फरक मोजायला. इथे पत्रांचा पाऊस पडलाय. आणि हा… हा सकाळपासून एकच कवच घासत बसलाय."

तिने संपादकांना सांगितलं तर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पुढच्या अंकात खुलासा द्यावा लागेल. तुझ्या नावाने. आणि त्या माणसाला स्वतः जाऊन भेट."

खुलाशाचं तिला फारसं काही वाटलं नाही. चूक केली, कबूल करायची. पण ते हिरवं दार बंद झालं तर? त्या विचारात ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. आईने दोनदा विचारलं, "चौकशी, आज एकही प्रश्न नाही? ताप आहे का?" तेव्हा तिला रडूच आलं. त्या माणसावर आपलं प्रेम बसलंय, हे तिला त्या ताटावर कळलं. आणि आपण त्याच्याच नावावर खोटी गोष्ट छापून बसलोय!

मंगळवारी ती गेली. दार उघडं होतं. तो पाठमोरा बसून कवच घासत होता. ताई तिला बघून उठल्या, "मी जरा पोस्टात जाऊन येते," म्हणाल्या, आणि गेल्या.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पुढच्या अंकात खुलासा येतोय. तुम्हाला त्रास झाला…"

त्याने घासणं थांबवलं. तो रागावलेला नव्हता, हे तिला जास्त लागलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही मला राळेला वास का येतो विचारलंत. मला डाव्या हाताने का घासता विचारलंत. माझ्या शाळेतल्या बाईंचं नावसुद्धा विचारलंत. मग हा एकच प्रश्न का नाही विचारला?"

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता. वेळ नव्हता, छपाई होती… सगळी कारणं तिच्या ओठांवर तयार होती, आणि एकही खरं नव्हतं.

"कारण मला उत्तर आवडलं होतं," ती शेवटी म्हणाली. "दोघांची गाडी… तुम्ही ती कुणासाठी तरी करताय… कदाचित… विचारलं असतं तर तुम्ही 'नाही' म्हणाला असतात. ते मला ऐकायचं नव्हतं."

तो उठला आणि टेबलावरचा पत्रांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. "एकसष्ट आहेत. हे वाचा."

एका बाईंनी लिहिलं होतं, नवऱ्याची दृष्टी गेलीय, पाय मात्र धडधाकट आहेत, त्यांना पुन्हा वारा खायचाय. दोन जुळ्या बहिणींनी रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

"खुलासा छापू नका," तो म्हणाला. "मी करतो ही गाडी. म्हणजे तुमची बातमी खरी होईल."

किती सोपं होतं! तिला मोह झाला, अगदी खरं सांगायचं तर खूप झाला. पण तिने मान हलवली. "छापणार. मी लिहिलं त्या दिवशी ते खरं नव्हतं. तुम्ही गाडी केलीत तर ती वेगळी बातमी. ती मी विचारून लिहीन."

मग तो हसला. त्या दिवशी सिग्नलला हसला होता तसाच, पण या वेळी वरून खाली बघत. त्याने खडू घेतला आणि फरशीवर एक लांब निमुळती आकृती काढली, आत एकामागे एक दोन जागा. "बसा मागच्या जागेत."

ती पाय पसरून फरशीवर बसली. तो पुढे बसला. क्षणभर तिने त्याच्या कुरळ्या केसांकडे बघितलं.

"मला तुमची नुसती मान दिसतेय."

"वारा सगळ्यात कमी असाच अडतो."

"मग चाळीस प्रश्न मानेला विचारू?"

"शेजारी शेजारी बसलं तर रुंदी वाढेल," तो वळून म्हणाला. "वेग जाईल. चढाला दम निघेल."

"मग?"

त्याने तळहाताने खडूची ती सुंदर रेघ पुसून टाकली, आणि नवी काढली. रुंद. चांगली ऐसपैस, जाडजूड रुंद. मग तिच्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लागेल असा, आणि खिशातून टेप काढून तिच्या पलीकडच्या खांद्यापासून स्वतःच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत माप घेतलं. माप त्याने दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला लागला तेव्हा तिने टेपचं टोक धरून ठेवलं.

"हे माप एकसष्टांपैकी कुणासाठी?" तिने विचारलं.

"त्यांच्या गाड्या नंतर," तो म्हणाला. "पहिली आपल्यासाठी… तुम्हाला चालणार असेल तर. मला तुम्ही हव्या आहात. रुंदी किती का होईना."

खडूने पांढरे झालेले दोन हात एकमेकांत कधी गेले, ते दोघांनाही कळलं नाही. मग तिने हळूच विचारलं, "हे छापू?"

"नको. आधी तुमच्या आईला सांगा."