टॉलमन नाल्यातला अर्धा तास

पोलिसांना जशी लिहून दिली, तशीच ही हकीकत इथे देतोय. एक शब्दही वाढवलेला नाही. पटलं तर घ्या.

शनिवार, १४ सप्टेंबर २०१३. अमेरिकेतलं आयडाहो राज्य, सॅमन गावाच्या वरचा टॉलमन नाला. एल्कची, म्हणजे तिथल्या घोड्याएवढ्या हरणाची शिकार. बंदुकीच्या हंगामाआधीचे दिवस... फक्त धनुष्यबाण.

मी आणि माझा मेहुणा वेल्डन, माझी बायको मर्ना हिचा धाकटा भाऊ. निघताना मर्ना मला म्हणाली होती, "एल्क नाही मिळाला तरी चालेल. हा परत हवा."

"ताई, दाजींचा नेम बघता एल्कसुद्धा सुखरूप परत जाईल," वेल्डन म्हणाला.

आमची पद्धत ठरलेली. मी पुढे, बाण लावून. तो सत्तर पावलं मागे, तोंडात रबरी पत्ती धरून मादीचा आवाज काढणार. नर त्या आवाजाकडे निघतो आणि मध्ये लपलेल्या माझ्यासमोर येतो. नर अडलाच, तर आवाज काढणारा मागे मागे सरकतो. मादी निघाली असं वाटून नर पुढे येतो.

सात दहाला वरच्या झाडीत नराची शीळ घुमली. वेल्डनने मादीचं उत्तर दिलं.

मग काहीच नाही.

सात चाळीसला पुन्हा मादीचा आवाज आला... पण डावीकडून. चढावरून.

मला वाटलं, वेल्डनने जागा बदलली. मी त्या दिशेने गेलो. आवाज आणखी वर सरकला. मीही सरकलो.

तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा मी एका उघड्या पायवाटेवर उभा होतो.

खारी गप्प. एक पाखरू नाही.

उजवीकडे पाहिलं... झाडांच्या फांद्या छातीच्या उंचीवर मोडलेल्या. एका सरळ रेषेत. मोडक्या टोकांतून अजून चीक गळत होता.

बाणाला वाट मोकळी करायला आम्ही पहाटे अशाच फांद्या मोडल्या होत्या.

मला बोलावून आणलं होतं. अडलेल्या नरासारखं. बरोबर इथे.

मी जमिनीवर अंग टाकलं.

"दाजी!" खालून धापा टाकत वेल्डन आला. "अहो, निघालात कुठे? माझी पत्ती साडेसातलाच फाटली. मागून हात हलवून हलवून थकलो. आणि इथे झोपा काढताय? ताईला सांगतोच."

"वेल्डन, खाली बस!"

"काय?"

तो त्या मोकळ्या रेषेतच उभा होता.

धनुष्याची दोरी सुटल्याचा आवाज मला ओळखू येतो. तो आला.

वेल्डन जागेवरून उचलला गेला. उजव्या बरगड्यांखाली भोक पडलं. पाठीतून काळपट रक्ताची चिळकांडी उडाली ती माझ्या तोंडावर. तो गुडघ्यांवर कोसळला, भोक चाचपू लागला. बोटं आत गेली.

बाण मात्र नव्हता. अंगात नाही, झाडात नाही, जमिनीवर नाही.

आणि झाडीतून मादीचा आवाज आला. हळू... मायेने.

बाण लागलेलं जनावर बिथरू नये म्हणून आम्ही असाच आवाज काढतो. मग अर्धा तास हलत नाही. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर मैलभर पळतं. थांबलं तर जवळच बसून मरतं.

घड्याळात आठ वाजून चार मिनिटं झाली होती.

मी शर्ट काढून जखमेत कोंबला. वेल्डन गुरासारखा ओरडला. त्याला खांद्यावर घेऊन उतरणीला लागलो. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा तो जखमेवरच आदळला.

"दाजी... ठेवा मला इथेच."

"गप बस. मर्नाला उत्तर कोण देणार? मी?"

आठ चौतीसला वर पहिली काटकी मोडली.

मग पावलं. चार पावलं... थांबली. तीन पावलं... थांबली.

रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी थांबत होती.

समोर ओढा होता. मांडीभर, बर्फगार पाणी. पाण्यात रक्ताचा माग राहत नाही. मी त्याला घेऊन आत शिरलो आणि प्रवाहातूनच चालत राहिलो. जखमेत पाणी गेलं तसा तो किंचाळू लागला. मी त्याचं तोंड दाबलं. त्याने माझं बोट हाडापर्यंत चावलं. मी हात काढला नाही.

मागे काठावर पावलं थांबली.

नऊ वीसला आम्ही गाडीपाशी पोचलो. वेल्डन वाचला. एक मूत्रपिंड गेलं. पोलिसांना लिहून दिलं ते इथवर; पुढचं नंतरचं.

शोधपथकाला ना बाण मिळाला, ना तिसऱ्या माणसाचा ठसा. मिळाल्या त्या काड्या. साल सोललेल्या, रक्ताच्या प्रत्येक थेंबाशेजारी उभ्या खोचलेल्या. माग काढताना आम्हीही अशाच खुणा ठेवतो.

ओढ्यापाशी त्या काड्या गोल फिरल्या होत्या. रक्त हरवलं की आम्ही शेवटच्या थेंबाभोवती गोल फिरतो. नाही सापडलं, तर दुसरा गोल. आणखी मोठा.

वनखात्यातला एक ओळखीचा माणूस दर हंगामाआधी वर जाऊन येतो. तीन वर्षांनी काड्यांचा गोल आम्ही गाडी लावली होती तिथवर आला होता. सहा वर्षांनी खालच्या कुरणात. यंदा त्याने फोन केला नाही, स्वतः घरी आला. काड्या हायवेच्या अलीकडे आहेत. वेल्डनचं घर तिथून दोन मैलांवर.

मर्ना रोज त्याच्या मागे लागते, घर विक, दूर जा. तो हलायला तयार नाही.

"दाजी, जखमी जनावर सोडून देणारा शिकारी तुम्ही पाहिलाय?" तो मलाच विचारतो.

तसे वाईट शिकारी मी पाहिलेत. पण ज्याने त्या फांद्या इतक्या सरळ रेषेत मोडल्या, तो त्यांच्यातला नाही.