निळ्या पट्ट्याची उटी

त्या दिवशी मी बाजारात गेलो होतो तो फक्त पॉलिश पेपर आणायला. हजार नंबरचा, पाण्यात भिजवून घासायचा. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "धाकूआबा, जन्मभर होड्या रंगवल्यात, आता म्हातारपणी खेळणी घासता होय?" मी हसलो. खेळणी तर खेळणी. दोन कागद घेतले, घडी करून टोपीत ठेवले आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत घराची वाट धरली.

हे खूळ माझ्या नातीने लावलं. मृणाली दापोलीला शिकायला आहे. तीन वर्षांपूर्वी तिने एक खोका आणून माझ्या मांडीवर ठेवला. आत प्लॅस्टिकच्या काड्यांची चौकट, आणि तिला लटकलेले मोटारीचे दीडशे तुकडे. एकेक कापायचा, घासायचा, जोडायचा, रंगवायचा. सोबतच्या कागदावर सगळी चित्रंच. माझ्यासारख्या अक्षरशत्रूला तेच बरं. होडीच्या फळीला रंग देणारा हात त्या चिमुकल्या चाकांवर असा रमला, की वर्षाला दोन गाड्या व्हायला लागल्या. माझी सहावी गाडी ट्रक होती. मूळ गाडी परदेशी, नाक लांब. मी तिला आपल्याकडचं रूप दिलं. आगकाड्यांचा हौदा केला, त्यात चिऱ्याच्या भुकटीचे छोटे छोटे चिरे भरले, केबिन निळी रंगवली.

खरं सांगायचं तर ती गाडी मी महिपतसाठी करत होतो. महिपतला जाऊन पन्नास वर्षं झाली.

मी तेव्हा एकवीसचा. महिपत ड्रायव्हर, मी त्याचा क्लीनर. खाणीतून जांभ्या दगडाचे चिरे भरायचे आणि वेळणेश्वरकडच्या गावांत टाकायचे. गाडीचा हँडब्रेक धरत नव्हता. मालक म्हणे, पुढच्या महिन्यात बघू. त्यामुळे उतारावर गाडी थांबली की मी आधी उडी मारायचा आणि चाकापुढे दगड लावायचा. त्याला आम्ही उटी म्हणतो. चिऱ्यांच्या गाडीत चिऱ्याचीच उटी ठेवली तर हमाल ती मालात टाकून देतात. म्हणून केबिनचा उरलेला निळा रंग घेऊन मी आमच्या उटीवर एक पट्टा ओढला होता.

खाडीवरच्या उतारावर आम्ही जेवायला थांबलो. भर दुपार. महिपत दोन भाकऱ्या खाऊन केबिनमध्ये आडवा झाला. मी रेडिएटरसाठी पाणी आणायला तिथल्या उतारावरच्या वाडीतल्या विहिरीवर गेलो. कळशी घेऊन वळलो तर समोरून गाडी चाललेली. हॉर्न नाही, इंजिन नाही. भरलेली गाडी इतकी गुपचूप जाते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वळण तिने घेतलंच नाही. खाली खाडीला भरती होती.

पंचांनी जागा बघितली. चाकाच्या जागी दगड नव्हता.

मी शपथा घेतल्या, उटी लावली होती म्हणून. कोण ऐकणार? महिपतची बायको यमुनाबाई तेव्हा पोटुशी होती. ती एवढंच म्हणाली, "एक दगड, धाकू. एकच दगड लावायचा होता तुला." मग बोललीच नाही. आमची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त विहीर. पन्नास दसरे मी तिच्या दारात सोनं घेऊन गेलो. तिने एकदाही हात पुढे केला नाही, मग मी ती आपट्याची पानं पायरीवर ठेवून परत यायचा. गाडीवर मला कुणी घेतलं नाही, म्हणून होड्या रंगवल्या. आणि खरं सांगू? वीसएक वर्षांनी माझाच माझ्यावरचा विश्वास गेला. आठवायला बसलो की चाक दिसायचं, हात दिसायचा, दगड दिसायचा नाही.

म्हणून ट्रकसाठी पाटावर तो उतार केला, लाल माती पसरली, गाडी उभी केली, पण उटी केली नाही. हात धजावला नाही.

पॉलिश पेपर आणला त्याच दुपारची गोष्ट. घरात मी एकटा. वारा पडलेला, माडाचं पानही हलत नव्हतं. कोंबड्यासुद्धा गप्प. आणि त्या शांततेत आवाज आला… टिक… टिक… टिक.

ड्रायव्हर-क्लीनरला तो आवाज सांगावा लागत नाही. तापलेलं इंजिन बंद केलं की थंड होताना लोखंड असं बोलतं. मी दाराबाहेर बघितलं. रस्ता मोकळा. आवाज ट्रक ठेवलेल्या टेबलावरून येत होता. वास पण आला. डिझेलचा, आणि ओल्या चिऱ्याचा.

जवळ गेलो. डाव्या अंगाच्या मागच्या चाकापुढे चिंचोक्याएवढा दगड होता. जांभा. त्यावर केसाएवढा निळा पट्टा.

मृणाली तिकडे दापोलीला. घरात दुसरं कोणी नाही. आणि त्या पट्ट्याबद्दल मी कधी कुणाकडे बोललो नव्हतो. ज्याला ठाऊक होता तो खाडीत गेला होता. मी दगड चिमटीने उचलला आणि काड्यापेटीत घालून पेटी फडताळात ठेवली.

दुसऱ्या दुपारी तो परत चाकापुढे. काड्यापेटी उघडली, तर रिकामी.

तिसऱ्या दुपारी मी मुद्दाम समोर बसून राहिलो. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पण एकदा पापणी लवली असेल, तेवढ्यात दगड तिथे होता. चिमटा पुढे केला. दगडाला लावला मात्र, केबिनमधून कुणीतरी झोपेत कुशीवर वळावं तसा आवाज आला. आणि अगदी बारीक, जडावलेल्या जिभेने…

"धाक्या… राहू दे."

मला धाक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

मी चिमटा खाली ठेवला. किती वेळ बसलो देव जाणे. अंगावर काटा होता, पण काट्याच्या आत कुठेतरी गार पाणी ओतल्यासारखं वाटत होतं. राहू दे म्हणतोय. म्हणजे होता. म्हणजे मी लावला होता…

पण मेलेल्या माणसाची साक्ष यमुनाबाईला कशी सांगू?

मृणाली सुट्टीला आली तेव्हा गाडी पुरी झाली होती. तिने रत्नागिरीच्या छंद मंडळाच्या स्पर्धेत नाव घातलं. "आबा, उटी काय मस्त केलीत!" म्हणाली. मी नुसती मान हलवली.

हॉलमध्ये चाळीसेक गाड्या मांडलेल्या. परीक्षक अजिंक्य नावाचा तरुण होता. हातात बारकी बॅटरी, डोळ्याला भिंग. पोरगा कसून बघणारा. आधी सांधे. दोन तुकडे जोडले त्याची रेघ दिसली की गुण गेला. मग रंग, ब्रशाचा ओरखडा कुठे आहे का. मग खिशातून कागदाची पट्टी काढून प्रत्येक चाकाखाली सरकवून बघायचा. पट्टी आत गेली की चाक अधांतरी, गेला गुण.

"काका, ही जागेवरून हलायची नाही," तो म्हणाला. "चारी चाकं घट्ट आहेत. सांधा कुठाय तेच मला सापडेना." मग त्याने बॅटरी काचेवर धरली. कडक डिंक वापरला तर त्याच्या वाफेने काच आतून धुरकटते, तिथे भलेभले फसतात. मी साधा पांढरा डिंक लावला होता. "काच स्वच्छ," असं म्हणून तो आत डोकावला. आणि एकाएकी त्याचा आवाज खाली आला, झोपलेल्या माणसाच्या उशाशी बोलावं तसा. "वा… काका. कमाल केलीत." मला वाटलं, सीटची शिवण आवडली असेल.

"आणि हा दगड? गाडीबरोबर आलेला दिसत नाही."

आजूबाजूला माणसं गोळा झाली होती. मृणाली माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षांत जे वाक्य मी तोंडातच चावून टाकत आलो, ते बाहेर आलं.

"उटी आहे ती. ह्या गाडीच्या क्लीनरने लावली होती. लावूनच तो पाण्याला गेला होता."

मागे काहीतरी फुटलं. हॉलमध्ये चहा देणारी बाई, मालन, हातातलं तबक पाडून उभी होती. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. काचांवरूनच पुढे आली आणि टेबलाला धरून वाकली.

"आबा… ह्यो दगड तुमी कुठं बघितलात?"

"का गो?"

"ह्याच्यावर निळा पट्टा हाय… त्यो कुणालाच ठाऊक नाय. मी, माजी आये, आनि देव."

तिला खुर्चीवर बसवलं. मृणालीने पाणी दिलं. मग ती सांगत गेली, खाली मान घालून. तिचं माहेर त्या उतारावरच्या वाडीतलं. तेव्हा ती सात वर्षांची. एकटीच माडाखाली भातुकली खेळत होती. चुलीला तीन दगड लागतात, दोन मिळाले होते. तिसरा दिसला तो ट्रकच्या चाकापुढे, निळ्या पट्ट्याचा.

"काडला तवा गाडी हलली नाय, आबा. देवाशपथ नाय हलली. मी चूल मांडली, भात शिजत लावला… आनि मग गाडी चालाया लागली. आयेन दगड न्हाणीच्या फरशीखाली पुरलान. म्हनाली, तोंड उघडलंस तर जिभेला डाग दीन."

मला राग यायला हवा होता. जमलेली माणसं त्याचीच वाट बघत होती. पण माझ्या छातीतून हसूच फुटलं. डोळे वाहत होते आणि मी हसत होतो. "लावली होती!" मी मृणालीला म्हणालो. "बाय, मी लावली होती गो!" मग मालनच्या डोक्यावर हात ठेवला. "सात वर्षांची होतीस तू. चुलीला दगड तीनच लागतात. रडू नको."

पहिला नंबर माझा आला. ढाल मिळाली, टाळ्या झाल्या. पण मला धीर कुठला? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मृणाली आणि मी मालनला घेऊन तिच्या माहेरी गेलो. तिच्या भावाने पहार घालून न्हाणीची फरशी उचलली. चिखलात माझी उटी पडलेली. मी ती पाण्याने धुतली. लाल दगड, आणि त्यावर माझ्याच हाताचा निळा पट्टा, थोडा वाकडा, शेवटी जाड झालेला.

आमच्या वाडीत परतलो तेव्हा भर दुपार होती. उटी मी खांद्यावर घेतली. पन्नास वर्षं मी विहिरीच्या मागून, कडेकडेने जायचा. त्या दिवशी मधल्या वाटेने गेलो, मान वर करून. माणसं ओटीवर येऊन बघायला लागली. कुणी विचारलं, "धाकू, काय घेऊन चाललास?" मी म्हणालो, "माझा दगड!" असा ओरडलो की विहिरीवरची कबुतरं उडाली.

यमुनाबाई पायरीवर बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही. मी उटी तिच्या पुढ्यात ठेवली. मालनने तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. यमुनाबाईने दगडावरून हात फिरवला. पट्ट्यावर बोटं थांबली. ऑइल पेंट हाताला लागतो, दगडासारखा खरखरीत नसतो.

"निळा?" तिने विचारलं.

"निळा, वैनी."

"ह्यांनीच आणला होता तो रंग. खेडच्या बाजारातून." मग मालनला म्हणाली, "उठ गो. पोरीने चूल मांडली, त्यात काय." आणि माझ्याकडे तोंड करून, "आत ये, धाकू. उन्हात किती उभा राहशील?"

मी तिच्या घरात जेवलो. कुळथाची पिठी आणि भात. राजाच्या पंगतीतही माणूस असा जेवत नसेल.

संध्याकाळी घरी आलो. मृणालीने खोक्यातून गाडी काढून टेबलावर ठेवली आणि ढालीबरोबर मिळालेला गुणांचा कागद काढला. "ऐका आबा," म्हणाली आणि वाचायला लागली. "सांधे, दहापैकी दहा. रंग, दहापैकी नऊ. चाकं, दहा. काच, दहा." मी पाय पसरून ऐकत होतो. असा सुखाचा थकवा मला कधी आला नव्हता.

मग ती थांबली.

"आबा, हे काय? 'केबिनमध्ये झोपलेल्या चालकाची मूर्ती, दहापैकी दहा. शेरा… इतकी जिवंत मूर्ती मी आजवर पाहिली नाही.'"

"वाच परत."

तिने परत वाचलं. तेच होतं.

मी मूर्ती बसवली नव्हती. त्या खोक्यात मूर्ती नव्हतीच. मृणालीलाही ते ठाऊक होतं, कारण आधीच्या सुट्टीत सीट तिने स्वतः माझ्या हातात दिली होती आणि दारं मी तिच्यासमोर डिंकाने बंद केली होती.

आम्ही दोघांनी गाडी उजेडात धरली. सीट रिकामी होती. चाकापुढचा चिंचोक्याएवढा दगड गेला होता. तरी गाडी उतारावर जागच्या जागी उभी होती.

"आबा, काचेला डिंक कुठला लावला होतात?" मृणालीने हळूच विचारलं.

"पांढरा. का गो?"

तिने काचेकडे बोट केलं. काच आतून धुरकटली होती. मी धोतराच्या सोग्याने पुसून बघितली, पण डाग बाहेरून नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत तो विरला. काच लख्ख झाली. मग सावकाश, गाढ झोपलेल्या माणसाच्या लयीत, परत धुरकटली… आणि परत विरली.