ठकी आणि चष्म्याची डबी

“आंबा. पिकलेला. पेटीत ठेवते,” असं म्हणून ठकीने पेंढ्यावर राहिलेली आबांच्या चष्म्याची डबी अलगद उचलली आणि पेटीत दोन हापूस आंब्यांच्या मध्ये नीट बसवली.

आता बोला! डबी चौकोनी, काळीकुट्ट, वर चेन लावलेली. तिला आंबा म्हणायचं म्हणजे कमालच झाली. आबा खो खो हसले, पण जुईकडे लक्ष जाताच त्यांनी हसू आवरलं. दहा वर्षांच्या नातीचे डोळे भरून आले होते.

कारणही तसंच होतं. रत्नागिरीजवळच्या या घरात आंबे आता ड्रोन उतरवत, पण आढी अजून आजीच लावायची. म्हणजे काय, तर भाताच्या पेंढ्यात आंबे पिकत घालायचे आणि रोज खाली बसून, एकेक हातात घेऊन, पिकलेला तेवढा वेगळा काढायचा. यंदा आजीचे गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. म्हणून तर जुईने सुट्टीभर खपून ठकीला शिकवलं होतं. ठकी म्हणजे चाकांवर फिरणारा, दोन हातांचा आणि एका कॅमेऱ्याचा यंत्रमानव. नाव मात्र आजीच्या लहानपणच्या लाकडी बाहुलीचं.

“संध्याकाळी पेट्या न्यायला गाडी येणार,” आजी खुर्चीतून म्हणाली. “चहापर्यंत थांबते. नाहीतर मी आपली बसते खाली. गुडघ्यांचं व्हायचं ते होईल.”

“तू मुळीच बसायचं नाहीस!” जुई ओरडली.

आबांनी उभी हयात अवकाशयानांचे कॅमेरे बनवण्यात घालवली होती. त्यांना वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. “भिंगावर धूळ बसली असणार, दुसरं काय!” असं म्हणत त्यांनी मऊ फडक्याने ठकीचा डोळा लख्ख पुसला. ठकीने आढीतला हिरवागार, दगडासारखा आंबा उचलला आणि ऐटीत म्हणाली, “पिकलेला.”

“मग उजेड कमी पडतोय.” आबांनी दिवा आणला. ठकीने आणखी एक कच्चा आंबा पेटीत टाकला.

तोवर जुई कोपऱ्यात टॅब घेऊन बसली होती आणि भराभर बोट फिरवत होती. आबांचा पारा चढला. “अगं, ही काय खेळायची वेळ आहे?”

“अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?” आजी म्हणाली. “बघू द्या की तिला.”

आबांनी दिवा खाली ठेवला. नाहीतरी त्यांच्याकडचे उपाय संपले होते.

जुई एकदम उठली. तिने पेटीतला एक पिवळाधमक आंबा घेतला आणि पेंढ्यावर ठेवला. “पिकलेला,” ठकी म्हणाली. मग तोच आंबा तिने फरशीवर ठेवला.

“कच्चा.”

“अरेच्चा!” आबा पुढे सरकले. “आंबा तोच, उजेड तोच. बदललं काय, तर फक्त खालचा पेंढा.”

जुईने डबी पेंढ्यावर ठेवली. पिकलेली! फरशीवर ठेवली. कच्ची! आजीला हसता हसता ठसका लागला.

“आबा, ठकी आंब्याकडे बघतच नाहीये,” जुई म्हणाली. “ती पेंढा बघतेय! मी आत्ता फोटोच बघत होते. कच्च्या आंब्यांचे सगळे फोटो मी उतरवणीच्या दिवशी काढले, क्रेटमध्ये. पिकलेल्यांचे नंतर काढले, आढीत. म्हणजे तिच्या प्रशिक्षण-संचात (यंत्राला शिकवण्यासाठी दाखवलेल्या नमुन्यांच्या साठ्यात) पिकलेला आंबा पेंढ्याशिवाय कुठे दिसतच नाही.”

आबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “खरंच की! आंबा कशाला म्हणतात हे यंत्राला कुठे ठाऊक असतं? त्याच्यासाठी फोटो म्हणजे नुसते रंगीत ठिपके. पिकलेल्यांच्या फोटोत नेहमी येणारी आणि कच्च्यांच्या फोटोत कधीच नसणारी खूण ते शोधतं. जी सगळ्यांत सोपी, ती पकडतं. इथे सोपा होता पेंढा. ठकी चुकली नाही गं, आपण दाखवलं तेच ती शिकली.”

“मग आता वेगळं दाखवायचं!”

झालं, घरात एकच धांदल उडाली. कच्चे आंबे पेंढ्यावर गेले, पिकलेले क्रेटमध्ये, फरशीवर, परातीत, एक तर आबांच्या मांडीवर. आजी खुर्चीत बसून एकेक आंबा हातात घ्यायची आणि सांगायची, “हा झालाय. याला अवकाश आहे.” जुई फोटो काढून ठकीला दाखवायची, सोबत डबीचे आणि रिकाम्या परातीचेही, ‘हा आंबा नाही’ म्हणून. ठकीला तिने आणखी एक गोष्ट शिकवली: खात्री नसेल तर तसं सांगायचं.

चहा उकळायला लागला तेव्हा ठकी पुन्हा आढीशी गेली. जुई तिच्या मागोमाग गेली. पिकलेला आंबा पेटीत गेला, कच्चा जागेवरच राहिला. मग जुईने मुद्दाम ठेवलेली डबी समोर आली.

“हा आंबा नाही,” ठकी म्हणाली.

“शाब्बास गं माझी बाय!” आजीने टाळी वाजवली. ती ठकीला म्हणाली की जुईला, कोण जाणे.

“आणि आबा, तुम्हीसुद्धा ठकीसारखंच केलंत,” जुई म्हणाली. “माझ्या हातात टॅब दिसला की तुमचं ठरलेलंच, ही खेळतेय.”

आबांनी कान पकडले. “पेंढाच बघत होतो गं मी!”

एवढ्यात ठकी एक आंबा घेऊन थेट आजीच्या खुर्चीशी आली. “नक्की सांगता येत नाही. आजींना विचारते.”

आजीने आंबा देठाशी हुंगला. तिचे गुडघे खुर्चीत निवांत होते आणि चेहरा असा खुलला होता की आबा बघतच राहिले. “उद्या सकाळी होईल हा,” ती म्हणाली.

“पुढच्या वर्षी आपण ठकीला वास ओळखायला शिकवू,” जुई म्हणाली. “त्यासाठी वास ओळखणारा संवेदक (यंत्राचं नाक म्हणा ना!) लागेल. पण शिकवायला तूच हवीस, आजी.” आणि ती टॅब उघडून बसली.

या वेळी आबांनी डबीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आपली खुर्ची नातीच्या शेजारी ओढली आणि म्हणाले, “हं, सांग. यात काय बघायचं?”