कोरडे बूट

"रुचा! पासपोर्ट नाहीये!"

रविवारी दुपारी सई अशी किंचाळली की रुचा जिन्यावरून धडधडत खालीच आली. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या भाड्याच्या घरात देव स्वयंपाकघरातल्या कपाटात. शुक्रवारी आईनं नागपूरहून व्हिडिओवर सांगितलं, म्हणून सईनं पासपोर्ट गणपतीपुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. चांगलं मूठभर! आता त्या लाल सड्यात पासपोर्टएवढी कोरी जागा तेवढी उरली होती.

बाबा आयसीयूत होते. डॉक्टर म्हणाले होते, मंगळवारपर्यंत या. फ्लाइट आज संध्याकाळची.

"शेवटचा कधी पाहिलास?"

"शुक्रवारी रात्री. काल दिवसभर मी वरच पॅकिंग करत होते गं..."

घरात आणखी दोघंच. एक प्रसाद, रेल्वेवेडा. दुसरी केया, इथेच जन्मलेली, वीस वर्षांची, मेडिकलला जायची स्वप्नं बघणारी. सई तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की लोक हमखास बहिणी समजायचे.

शनिवारी सई सोडून तिघं अटलांटिक सिटीला, त्या समुद्राकाठच्या कसिनोंच्या गावाला, गेली होती. सईनंच आग्रह केला होता, तुम्ही तरी जा. आणि जायचं कसं, यावरून केवढं भांडण!

"ट्रेनमध्ये पाय पसरून बसता येतं," प्रसाद म्हणाला होता.

"तीन गाड्या बदलायच्या, पाय पसरणार कधी?" रुचा म्हणाली होती. " कसिनोची बस थेट दारात सोडते. वर खेळायला व्हाउचर!"

"पण बसवाले आयडी बघतात. एकवीसच्या खालचं चालत नाही. या बाळाचं काय करायचं?" प्रसादनं केयाकडे बोट दाखवलं होतं.

"मला बसमध्ये उलटी होते," केया फणकारली होती. "मी फिलाडेल्फियात मैत्रिणीला भेटून आधीच्या ट्रेननं जाते. तिकडेच भेटू." शेवटी रुचा आणि प्रसादही ट्रेननंच गेले होते.

आता रुचानं आधी प्रसादला धरलं. "तू नेलास?"

"मी? यार, माझ्याकडे लायसन्स आहे. पासपोर्ट काय करू, चाटू?"

रुचाला ते पटलं. खरंच की. दुसऱ्याचा पासपोर्ट लागतो कुणाला? ज्याचं स्वतःचं आयडी चालत नाही त्याला.

केया तर फ्रीजसुद्धा उघडून बघत होती. "सई, तूच कुठेतरी ठेवला असशील. यू आर सो स्ट्रेस्ड." वर सईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"केया, काल स्टेशनवरून रेस्टॉरंटला कशी आलीस?"

"चालत. तुमच्यासारखीच."

"टॅक्सी नाही केलीस?"

"नाही! चालत. तिकडे कसला बर्फाळ पाऊस होता, फुल भिजले मी."

रुचानं फोन काढला. काल रेस्टॉरंटमध्ये बुटात पाणी पचपच करत होतं, तेव्हा तिनं गंमत म्हणून टेबलाखालचा फोटो काढला होता. तिचे बूट, प्रसादचे बूट, दोन्हींखाली थारोळं. मधे केयाचे नवेकोरे मऊ चामड्याचे बूट. एक डाग नाही.

"तू ट्रेननं आलीच नाहीस. बसनं आलीस, कसिनोच्या छताखाली उतरलीस आणि आतल्या आत चालत रेस्टॉरंटला पोचलीस. आणि बसमध्ये चढायला एकवीस वर्षं पूर्ण झालेली, तुझ्यासारखी दिसणारी कुणीतरी लागते."

"वॉट? बूट सुकले असतील!"

रुचानं खुंटीवरचा केयाचा पांढरा कोट ओढला आणि आतला खिसा उलटा केला. लालभडक! कुंकू भुरभुर फरशीवर सांडलं.

"पासपोर्ट जवळ असता, तर तू कालच गुपचूप गणपतीपुढे ठेवला असतास. ठेवला नाहीस, कारण तो तुझ्याकडे नाहीये. कुठेय?"

केया भिंतीला टेकली. "कसिनोत व्हाउचरच्या काउंटरवर त्यांनी फोटो नीट बघितला. सिक्युरिटीला बोलावलं. मी पळाले. पासपोर्ट तिथेच राहिला."

"कालपासून माहीत होतं?" प्रसाद ओरडला. "काल रात्री बोलली असतीस तर कुणाची तरी गाडी मागून आणला असता गं!"

"माझ्यावर केस झाली असती! मेड स्कूल संपलं असतं माझं!"

सई इतका वेळ बॅगेवर बसून होती. रडत नव्हती. तिनं केयाकडे मान वर करून पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"आत्ता निघाले तर लवकर काय पोचेल गं? ट्रेन की बस?"

केया पुटपुटली, "बस. दारातच सोडते."

विमान सुटायला चार तास होते. बसला नुसतं जायलाच दोन लागतात, परत यायला आणखी दोन.

सईच्या मांडीवरचा फोन उजळला. आईचा मेसेज होता. बाबांनी आत्ताच डोळे उघडले. विचारतायत, निघालीस का?