निळ्या पाठीच्या मेंढ्या

तोर्फीची जीप हेर्दिसच्या फाटकासमोर रुतली, ती काही कुणी ठरवून रुतवली नव्हती. त्याला जायचं होतं दरीच्या टोकाच्या घरी. पण मार्चमधला आइसलँडचा वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही... रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो, हे त्या दुपारी फक्त देवालाच दिसत होतं.

हेर्दिस ट्रॅक्टर घेऊन आली. लोकरी टोपीतून निसटलेल्या बटांवर बर्फाचा चुरा, नाकाचा शेंडा लालबुंद. तिने दोर अडकवला, एकदा त्याच्या चाकांकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे.

"या टायरांवर तू आमच्या दरीत शिरलास?"

"आमच्या खाडीकडे एवढा बर्फ नसतो गं."

"मग खाडीतच राहायचं."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागून... हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून ती उगाच ट्रॅक्टरच्या दिव्याकडे बघू लागली.

जीपच्या मागच्या भागात सोनोग्राफीचं यंत्र होतं. गाभण मेंढ्या तपासायला दरवर्षी येणारा दरीतलाच म्हातारा ग्रिमुर पाय मोडून घरी बसला होता, आणि त्याच्या जागी हा नवखा तोर्फी गावोगाव फिरत होता.

"जीप काढलीस, त्याची परतफेड," तो म्हणाला. "आज आधी तुझ्या मेंढ्या."

हेर्दिसला नाही म्हणायचं कारण नव्हतं. या वर्षी सगळा भार तिच्यावरच होता. आजोबांना - ती त्यांना आफी म्हणायची - खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे जाता येत नव्हतं. शहरात राहणाऱ्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "हा एक हंगाम बघू. कोकरं नीट जगली तर मेंढ्या राहतील. नाहीतर शरदात सगळ्या विकायच्या आणि तुम्ही दोघं इकडे यायचं." आई रागाने बोलली नव्हती, काळजीने बोलली होती. म्हणूनच तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

तोर्फी गोठ्यातल्या लाकडी बोळाशी बुटक्या स्टुलावर बसला. एकेक मेंढी पुढे यायची, तो तिच्या पोटाखाली यंत्र टेकवायचा, पडद्यावर डोळे बारीक करून बघायचा, पाठीवर रंगाचा फवारा मारायचा आणि फळी उचलायचा. हेर्दिस मागून मेंढ्या लोटत होती. दोघांच्या मध्ये लोकरीच्या पाठीच पाठी... त्यांच्यावरूनच काय ते बोलायचं.

"ही मला लाथ मारणार आहे का?"

"तिला आवडलास तर नाही."

"आणि नाही आवडलो तर?"

"तर कळेलच की."

लाथ बसली. हेर्दिसचं हसू त्या थंड गोठ्यात कितीतरी वेळ रेंगाळलं.

शेवटची मेंढी सुटली तशी ती पुढे आली आणि पाहतच राहिली. अर्ध्याहून जास्त पाठी निळ्या होत्या.

त्या दरीत निळा रंग म्हणजे पोटात एकच कोकरू. लाल म्हणजे जुळी. ग्रिमुर यंत्र घेऊन येऊ लागला तेव्हापासून हेच चालत आलेलं. सूर्य कुठून उगवतो हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं हेही कुणी सांगत नसे. हेर्दिसने निळ्या पाठी पुन्हा मोजल्या. म्हणजे या वर्षी कोकरं कमी. गेला उन्हाळा थंड गेला, गवत कमी पडलं, म्हणूनच बहुतेक...

"निळ्याच जास्त आहेत," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो ना," तोर्फी हातमोजे काढत म्हणाला. "नशीबवान आहेस."

ती तरातरा घराकडे वळली. आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून कॉफी दिली, पिळाच्या तळलेल्या क्लेनुरही ताटलीत ठेवल्या, पण त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो गेल्यावर आफींनी विचारलं, "कसं काय आहे?"

"छान आहे सगळं, आफी," ती म्हणाली. आजारी माणसाचं मन कशाला मोडायचं?

दुसऱ्या दिवशी तिने गोठा दोन भागांत वाटला. शेवटच्या काही आठवड्यांतच कोकरू आईच्या पोटात झरझर वाढतं. दोन असली तर आईला प्रथिनांचा आधार जास्त लागतो, नाहीतर ती बिचारी स्वतःचं मांस झिजवून त्यांना वाढवते. एकटं असलं आणि आईला जास्त चारलं, तर कोकरू असं माजतं की बाहेर येताना अडकतं. म्हणून लाल पाठींच्या गव्हाणीत दुसऱ्या कापणीचं मऊ, हिरवट, वासाचं गवत आणि वरून मासळीची भुकटी. निळ्या पाठींना निबर काड्यांचं गवत.

ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. संध्याकाळी रेडिओवर स्तोत्र लागायचं, तेवढा वेळ हेर्दिस हातातलं काम खाली ठेवून उभी राहायची. मग गोठ्याच्या दारावर बोटाने क्रूस काढायचा, मेंढ्या देवाच्या हवाली करायच्या, आणि कडी घालायची. हा नेम तिने एक दिवसही चुकवला नाही.

तोर्फी मात्र येतच राहिला. एकदा हातमोजा विसरला म्हणून, एकदा आफींसाठी वाळवलेला मासा घेऊन, एकदा तर नुसताच, "इकडून चाललो होतो" म्हणत. त्या दरीतून पुढे कुठे जाताच येत नाही.

"मेंढ्या तपासायला माणूस वर्षातून एकदा येतो," आफी खिडकीतूनच म्हणाले. "हा नवीन कायदा कधी झाला?"

"आफी, गप्प बसा ना."

"मी गप्पच आहे. जीपच आवाज करते."

तिचा राग हळूहळू वितळत होता, पण गोठ्यात ती त्याला येऊ देत नव्हती. निळ्या पाठी बघून तो परत काही बोलला तर... तेवढं एक सोसवलं नसतं.

ईस्टर झाला. बर्फाखालून पाण्याचे ओहोळ बोलू लागले. एका सकाळी तोर्फी भुकटीची पोती घेऊन आला आणि तिला काही कळायच्या आत एक पोतं खांद्यावर टाकून थेट गोठ्यात शिरला.

पोतं खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"हेर्दिस... जुळीवाल्यांना हे काड्यांचं गवत का घालतेस?"

"जुळीवाल्या त्या पलीकडच्या. लाल."

त्याने पोतं टाकलं. एका निळ्या पाठीच्या मेंढीजवळ गुडघे टेकले, लोकरीत हात खुपसला. कण्याचा मणकान् मणका बोटांना लागत होता.

"हिच्या पोटात दोन आहेत," तो म्हणाला. "आमच्याकडे निळा म्हणजे दोन."

हेर्दिस गव्हाणीच्या कडेवर बसली.

"आमच्याकडे निळा म्हणजे एक... तोर्फी, तू नशीबवान म्हणालास."

"मनापासून म्हणालो होतो गं. एवढी जुळी मी एका घरात पाहिली नव्हती."

"मला वाटलं, तू टोमणा मारलास."

"इतका वाईट वाटलो मी?"

"त्या दिवशी... हो."

ती रडली. जुळीवाल्या आया उपाशी, आणि एकट्यांच्या आया मेजवानीला. हे तिने स्वतःच्या हातांनी, नेमाने, रोज केलं होतं. तोर्फीने तिला समजावलं नाही की स्वतःची बाजू मांडली नाही. "परक्या दरीत येऊन रंग विचारायला हवा होता मी," एवढंच म्हणाला, आणि तिच्याजवळ, थोडं अंतर राखून, बसून राहिला.

आफींना सांगणं सगळ्यात अवघड होतं. तिने सगळं सांगितलं, लपवलेलंही. आफींनी कप खाली ठेवला.

"बाहेरच्याला रंग विचारायचा असतो, हे मलातरी कुठे ठाऊक होतं? बाहेरचं कुणी कधी आलंच नाही इथे." मग त्यांनी तोर्फीकडे पाहिलं. "रडणं आटोपलं असेल तर चारा बदला. निळ्यांना भुकटी एकदम नका घालू, पोटं बिघडतील. मूठमूठ वाढवा. आणि तू रे... माडीवरची खोली रिकामी आहे, पण थंड असते."

"चालेल," तोर्फी म्हणाला.

"चालेल काय, मी अजून विचारलंच नव्हतं."

व्यायला तीन आठवडे उरले होते. दोघं मिळून चारा घालायचे. तो निळ्या पाठींवर हात फिरवत मणक्यांचा अंदाज घ्यायचा. ती रेडिओवरच्या प्रार्थनेला थांबली की तोही टोपी काढून थांबायचा, तिने न सांगता. त्याने हळूहळू मेंढ्यांची नावं पाठ केली. मेंढ्यांच्या अंगावर जरासं मांस चढलं. पण जे आठवडे गेले ते गेले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

मे महिन्याच्या एका उजळ सकाळी पहिली निळी मेंढी व्यायली. दोन कोकरं. दोन्ही जिवंत, पण लहान, लोकर विरळ. पहिलं धडपडत उभं राहिलं. दुसरं मात्र मान टाकून पडलं, आणि आईच्या कासेत चीक होता जेमतेम एकाला पुरेल एवढाच.

त्याच वेळी पलीकडे लाल पाठीची एक म्हातारी मेंढी कण्हत होती. तिचं एकुलतं कोकरू अडलं होतं. तोर्फीने कोपरापर्यंत साबण लावला. हेर्दिसने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ गेला... आणि मग एक दांडगं कोकरू गवतावर घसरलं, शिंकलं. मेंढीची कास टच्च भरली होती. चीक आपोआप ठिबकत होता.

हेर्दिसने त्या कासेकडे पाहिलं. मग मान टाकलेल्या पिल्लाकडे. मग तोर्फीकडे.

तिने लहानग्याला उचलून आणलं आणि लाल मेंढीच्या व्यायल्यावर सांडलेल्या पाण्यात चोळचोळ चोळलं, तिचाच वास लागेल असं. तोर्फीने थोडा चीक पिळून त्याच्या तोंडात सोडला आणि त्याला दांडगोबाच्या शेजारी ठेवलं.

"हिने घेतलं," हेर्दिस कुजबुजली, "तर बाकीच्यांनाही वाट आहे. ज्यांच्याकडे जास्त आहे, त्यांनी वाटून द्यायचं."

"आणि नाही घेतलं तर?"

हेर्दिसने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

दोघं फळीमागे दडले, खांद्याला खांदा लावून. मेंढीने मान वळवली. आपलं कोकरू हुंगलं. मग दुसरं हुंगलं आणि पाय आपटला. लहानग्याला डोक्याने ढुशी दिली. ते कोलमडलं. हेर्दिसचे ओठ हलू लागले - प्रार्थनाच होती ती, पण शब्द जुळत नव्हते.

"हेर्दिस," तोर्फी हळूच म्हणाला.

"श्श... बोलू नकोस, ती बिचकेल."

"मग तू नुसतं ऐक. हंगाम संपला की मला खाडीत परत जायचंय. घर समुद्राकडे तोंड करून आहे माझं, छान आहे... पण तिथे माझं मन लागणार नाही आता. परवा दोन दिवस गेलो होतो ना, तर खिडकीत बसून तुझ्या मेंढ्यांची नावं घेत होतो."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. संपली की तुझं."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला सगळंच कळून गेलं असतं. तेवढ्यात फळीपलीकडून एक आवाज आला - खोल, घशातला, गुरगुरल्यासारखा; मेंढी फक्त स्वतःच्या पोरापाशीच काढते तो. ती लहानग्याची पाठ चाटत होती. पिल्लू उठलं, पडलं, परत उठलं... आणि कासेखाली शिरलं.

"तोर्फी," ती म्हणाली. साबणाने, चिकाने बुळबुळीत झालेला त्याचा हात तिने हातात घेतला आणि सोडला नाही. "आज आईला फोन करायचाय. मेंढ्या राहतायत म्हणून सांगणार आहे."

"सांग."

"आणि माणूसही राहतोय म्हणून सांगू?"

त्याने तिचा हात घट्ट धरला आणि हसला. आधी डोळेच हसले असणार, पण तिचं लक्ष नव्हतं. ती पिल्लाकडे बघत होती. दूध पोटात उतरलं की कोकराचं शेपूट आपोआप हलू लागतं, आणि ते बोटभर शेपूट आता असं हलत होतं, असं हलत होतं, की बघता बघता तिला हसूही आलं आणि रडूही.