मुका लॅपटॉप

दुसरी घंटा झाली आणि मदत शोधायला धावत निघालेली ती आवाज-दिव्यांच्या वरच्या केबिनच्या दारातच कुणावर तरी आदळली. या नाट्यगृहाचा दिवेवाला होता तो. "सावकाश... तिसरीला अजून अवकाश आहे," तो म्हणाला. तिने वर पाहिलं, आणि तिचे डोळेच भरून आले.

नाटक तिच्या काकांचं. आवाजांची बाजू आज पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती, तीही कितीतरी मिनतवाऱ्या केल्यावर. एक आवाज जरी चुकला तरी या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही, असं काकांनी सगळ्यांदेखत बजावलेलं. आणि लॅपटॉपने नेमकं आजच तोंड मिटलं होतं. वाऱ्याची फाइल उघडायला जावं, तर लॅपटॉप चालवणारं लिनक्स उलट तिलाच विचारत होतं – कशाने उघडू? खाली पर्यायांची जागा कोरी.

काल यात काही केलं होतं का, हे लॅपटॉप पाहून त्याने इतक्या मवाळपणे विचारलं की तिने खरं ते सांगून टाकलं. जागा पुरेना, म्हणून लपलेल्या काही फाइली कचरा समजून उडवल्या होत्या.

"झाडलोट जरा जास्तच मन लावून केलीत."

"चेष्टा नको हो. इथे जीव टांगणीला लागलाय."

"आवाज सगळे जागेवर आहेत. ते वाजवणारा प्रोग्रॅमही आहे. कुणी काय उघडायचं, तेवढी नोंद गेलीय."

त्याने आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, पुढे फाइलचं – आणि हेडफोनमध्ये वारा घोंगावला. नोंद नव्याने करायला मात्र मध्यंतराची वाट पाहावी लागणार होती. तोवर एका हाताने दिवे सांभाळत तो टाइप करून ठेवणार, आणि एंटर तिने दाबायचं, असं ठरेपर्यंत तिसरी घंटा झालीसुद्धा.

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

वारा लागला. दार वाजलं. मग रंगमंचावरची आई मुलाकडे बघत गप्प उभी राहिली... फार वेळ. नटी वाक्य विसरली, असं वाटून त्याचं बोट एंटरकडे गेलं. तिने त्याचा हात धरला.

"थांबा."

त्या आईने हळूच डोळे मिटले. तेव्हा कुठे त्याचा हात सोडून तिने एंटर दाबलं, आणि दूर कुठेतरी गाडीची शिट्टी वाजली. प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं होतं. तो मात्र रंगमंचाकडे बघतच नव्हता.

"दिवे," ती कुजबुजली – आणि तो दचकून भानावर आला.

मध्यंतरात काका वर आले. लॅपटॉपची हकीगत त्यांना कळली होती. तिने उठावं, पुढचं सगळं दिवेवाल्यालाच सांभाळू दे, असं त्यांनी सांगितलं. ती उठलीही.

"मला नाही जमायचं, काका," दिवेवाला म्हणाला. "मघाशी मी घाई करत होतो. यांनी हात धरला, म्हणून तो प्रसंग वाचला."

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. खाकरले. "बस," तिला म्हणाले, आणि खाली गेले.

नोंद झाली. दुसऱ्या अंकात एकेक फाइल क्लिक करताच वाजू लागली. आता शेजारी बसायचं त्याला काही कारण उरलं नव्हतं. खुर्ची मात्र त्याने हलवली नाही.

पडदा पडल्यावर खाली नाटकमंडळींच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला. तो विचारत होता, पुढच्या गावातल्या प्रयोगाला हे पुन्हा अडलं तर...

"नाही अडणार. नोंद कशी करायची ते मी पाहून ठेवलंय."

"हो... तेही खरंच." त्याने मान खाली घातली.

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. वळली नाही.

"काही बिघडलं तरच यायचं, असं थोडंच आहे?"

"तिथे दिवे बघायला कुणी असेल ना?"

"असेल की."

"मग येतो," तो म्हणाला. "नुसता शेजारी बसायला."