ताशी तीसच्या पुढे

विभावरी सोनटक्के सकाळपासून एका जागी बसली नव्हती. वाहनशाळेत दोन नव्या स्कूटरी उभ्या होत्या आणि ती त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होती. मध्येच वाकून एखाद्या चाकाचं चुंबक तपासायची, उठायची, परत तिथेच यायची. आदल्या दिवशी तपासलेलंच ती पुन्हा तपासत होती.

ज्या लघुग्रहावर हा तळ होता त्याला अधिकृत नाव म्हणून नुसता एक क्रमांक होता. पहिल्या तुकडीतल्या लोकांनी त्याचं नाव सुपारी ठेवलं आणि तेच टिकलं. सोळा किलोमीटर व्यासाचा हा गोटा बहुतेक लोखंडाचा होता. तळापासून खाणीपर्यंत नऊ किलोमीटर लांबीची पोलादी पट्टी सुपारीच्या बरोबर कमरेवरून टाकलेली होती. त्या पट्टीवर चुंबकी चाकांच्या स्कूटरी धावत. इथे वजन म्हणजे नावालाच. चाकात चुंबक नसतं तर स्कूटर रस्त्यावर राहिलीच नसती.

जुन्या स्कूटरी लहान होत्या. नव्या होत्या दोन माणसांच्या, तीनशे दहा किलोच्या आणि चौपट ताकदीच्या. वाहनप्रमुख या नात्याने विभावरीने त्यांना वेगवेसण बसवली होती. मूठ कितीही पिळली तरी ताशी पंचवीसच्या पुढे काटा जायचा नाही. खाणीतल्या लोकांना ते बिलकूल पटलं नव्हतं. दुपारी तळप्रमुख भास्कर केंजळे स्वतः वाहनशाळेत आले.

पंचवीसने खाण गाठायला बावीस मिनिटं लागतात, चाळीसने चौदा लागतील, असं त्यांनी मांडलं. दिवसाच्या फेऱ्या धरल्या तर पाळीतला चांगला तास वाचत होता. खाली पृथ्वीवर केंजळ्यांना याचा जाब द्यावा लागे, हे विभावरीलाही माहीत होतं.

"सोनटक्केबाई, चौपट ताकदीची गाडी मागवायची आणि तिलाच वेसण घालायची, हे कसं काय?"

"ताकद राहू द्या साहेब. ओझ्याला लागते, चढाला लागते. वेग नको," ती म्हणाली. "इथे ताशी तीसच्या पुढे गेलं की जमीन आपल्याला धरून ठेवू शकत नाही. आपण खाली पडायच्या आत जमीनच पुढे वाकलेली असते. म्हणजे आपण पडतच राहतो, गोल गोल. आणि त्रेचाळीसला मुक्तिवेग. त्यापुढे गेलेला माणूस परत येत नाही."

"लहान स्कूटरचं ठीक आहे. ही जड आहे. बसेल जमिनीला घट्ट."

"जड वस्तू जास्त ओढली जाते, पण वळवायलाही तेवढीच जड असते. तीसची हद्द मुंगीलाही तीच आणि हत्तीलाही तीच. तीसच्या पुढे जे काही धरून ठेवतं ते फक्त चुंबक, आणि या स्कूटरला चुंबकं जुनीच आहेत. वजन दुप्पट, चुंबक तेवढंच. पकड निम्मी झाली."

केंजळ्यांनी ऐकून घेतलं. मग अडतीसची एकच चाचणी करू, मुक्तिवेगाच्या खालीच राहू, असं म्हणून त्यांनी लेखी हुकूम काढला. विभावरीने विरोध नोंदवला आणि स्वतःच्या हाताने एका स्कूटरची वेसण काढली. ते हात नंतर कितीतरी वेळ तिने एकमेकांवर चोळले.

चाचणीला हणमंत घुले तयार झाला. तो मूळचा कराडकडचा, खाणीतला जुना ड्रिलवाला. पाळी संपवून तो तळावर परतला होता. पोशाखाच्या टाकीत तीन तासांची हवा उरली होती. अर्ध्या तासाच्या कामाला ती भरपूर होती.

दुपारी चारला तो निघाला. पट्टीच्या कडेच्या रेडिओ-खांबांवरून त्याचा आवाज येत होता. तीस झाले, पस्तीस झाले, अडतीस झाले. गाडी लोण्यासारखी चालली आहे, असं तो म्हणाला. सहाव्या किलोमीटरला पट्टीचा एक सांधा ऊन-सावलीच्या ताणाने बोटभर उचललेला होता. तेवढा धक्का पुरला. चुंबक सुटलं.

"ताई," हणमंत सावकाश म्हणाला, "चाकाखाली काही लागत नाही."

केंजळे त्याला ब्रेक दाबायला सांगू लागले. विभावरीने त्यांच्यासमोरून रेडिओ ओढून घेतला. ब्रेक असो की मोटर, चाकाला रेटायला खाली जमीन नव्हती. तिने कागदावर तीन ओळी खरडल्या. अडतीसने उडालेला माणूस सुपारीला मोठा वेढा घालून आपोआप त्याच जागी परत येणार होता, पण साडेपाच तासांनी. वेग जितका जास्त तितका वेढा मोठा आणि परतायला उशीर. आणि हवा तीन तासांची.

त्याला हळू करायला हवं होतं, आणि रेटायला त्याच्याजवळ एकच वस्तू होती.

"हणमंतराव, नीट ऐका. सीटच्या मागे या. दोन्ही पाय मागच्या दांडीवर टेकवा, उकिडवे बसा. स्कूटरला पुढे ढकलायचं, थोडं वरच्या अंगाला. अंगात असेल तेवढा जोर लावून."

त्याने विचारलं, "म्हणजे ही सोडायची?"

"सोडायची. ती जड आहे म्हणूनच तुम्ही हळू व्हाल. आत्ता. दर सेकंदाला वर चाललाय तुम्ही."

त्या काळ्या पोकळीत हाताला लागणारी ती एकच गोष्ट होती, आणि ती त्याला लाथाडायला सांगितली जात होती. विभावरीला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एक हुंकार आला, आणि त्याच्या आवाजामागची मोटरची घरघर थांबली.

"सोडली," तो म्हणाला. थोड्याच वेळात तो क्षितिजाआड गेला आणि रेडिओ मुका झाला.

आता त्याचा वेग ताशी एकतीसच्या आसपास असायला हवा होता. पावणेदोन तासांनी तो तळावरून पुढे येऊन त्याच पट्टीच्या वर, जमिनीपासून थोडक्या उंचीवर यायला हवा होता. त्याचा रेटा कमी पडला असेल तर उशीर होणार होता, दिशा चुकली असेल तर तो पलीकडच्या खडकांवर आपटणार होता. केंजळ्यांना ताबडतोब दुसरी स्कूटर घेऊन त्याच्या मागे जायचं होतं. मागे जाऊन उपयोग नाही, तोच इकडे येतोय, हे विभावरीने त्यांना दोनदा समजावलं. तेव्हा ते चार माणसं घेऊन तो सांधा ठोकायला गेले. नुसतं बसून राहणं त्यांनाही जमलं नसतं.

तिला तर मुळीच जमत नव्हतं. तिने दुसऱ्या स्कूटरचीही वेसण काढली. त्याला पकडायचं तर त्याच्याच वेगाने त्याच्याखाली धावायला हवं होतं, आणि तो वेग तिने स्वतः घालून दिलेल्या हद्दीच्या पलीकडचा होता. तासाभरात तिने घड्याळ शंभरदा पाहिलं असेल. गणित पाच वेळा केलं. पाचही वेळा उत्तर तेच आलं, आणि तरी धीर आला नाही.

सुपारीवर क्षितिज हाकेच्या अंतरावर असतं. तो दिसल्यावर निघणं म्हणजे चुकणं. म्हणून ती घड्याळावरच निघाली. तीसच्या पुढे काटा गेला तसं सीटवरचं उरलंसुरलं वजनही नाहीसं झालं. खाली चाकं पट्टीला चिकटून होती, वर ती नुसती मुठींना लटकली होती. रेडिओ मुका होता.

तिसऱ्या किलोमीटरला खरखर झाली आणि हणमंतचा आवाज आला. तो आईचं नाव घेत होता. वर पाहिलं तर मागून एक पांढरा ठिपका सरकत येत होता, डोक्यापासून बराच उंच. तिने त्याला कमरेला बांधलेली दोरी उलगडून तिचं आकड्याचं टोक जोरात खाली फेकायला सांगितलं. पहिल्या खेपेला दोरी अर्ध्यातच संपली. जसजसे ते पुढे जात होते तसतसा तो खाली येत होता. पाचव्या किलोमीटरनंतर त्याने पुन्हा फेकली. आकडा तिच्या खांद्यावरून गेला. तिने एका हाताने मूठ सोडली, दोरी धरली आणि मागच्या दांडीला अडकवली.

केंजळ्यांनी ठोकून बसवलेल्या सांध्यावरून ती एकतीसने गेली. चाकं सुटली नाहीत. मग तिने इतका हळू ब्रेक लावला की थांबायला दोन किलोमीटर लागले. दोरी ओढत ओढत हणमंत खाली आला आणि पट्टीवर दोन्ही तळवे टेकून तसाच पडून राहिला.

तळावर सगळे जेवणघरात जमले. कोणी त्याच्या हातात गरम चहाची पिशवी दिली. केंजळे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी चूक कबूल केली. विभावरी तेवढी दाराशी येरझाऱ्या घालत होती. आता काय राहिलं, हे तिलाच कळत नव्हतं.

"माझ्यापायी नवी कोरी स्कूटर गेली," हणमंत ओशाळून म्हणाला.

विभावरी थांबली.

"गेली नाही," ती म्हणाली, आणि कागद शोधू लागली.

हणमंतने जो वेग गमावला होता, तो स्कूटरच्या वाट्याला आला होता, फक्त ती जड म्हणून निम्म्याहून कमी. अडतीसवरून ती एकेचाळीसला गेली होती; मुक्तिवेगाला दोन कमीच. म्हणजे वेढा कितीतरी मोठा, पण वेढाच. सुपारी स्वतःभोवती इतकी सावकाश फिरते की साडेअठरा तासांत ती फारशी सरकणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तीनशे दहा किलोची रिकामी स्कूटर ताशी एकेचाळीस किलोमीटरने खाणीच्या आसपास जमिनीला भिडणार होती. त्या वेळी सकाळच्या पाळीची चोवीस माणसं तिथे असतात.

केंजळ्यांनी या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. सकाळची पाळी रद्द झाली आणि खाण रिकामी झाली. साडेदहाला सगळे वाहनशाळेच्या पडद्यासमोर उभे होते. खांबावरच्या कॅमेऱ्यातून खाणीचं रिकामं आवार दिसत होतं. दहा अठ्ठावीसला क्षितिजावरून एक चकाकती वस्तू आली. आवाज नव्हताच. ती चाळणघराच्या छपरातून आत शिरली, पलीकडची भिंत फोडून बाहेर पडली, जमिनीवर एकदा आपटली, उसळली आणि कोलांट्या घेत पुढच्या क्षितिजाआड गेली. उडालेली धूळ खाली बसेना. चाळणघरात रोज या वेळी आठजण असत. हणमंतने डोळे मिटून घेतले.

केंजळ्यांनी रोखलेला श्वास सोडला. "गेली एकदाची," ते म्हणाले. "भिंतीला धडकून जोर मेला तिचा. त्यातल्या त्यात बरं झालं."

विभावरी पडद्याकडे पाहत नव्हती. कागद पालथा घालून तिने नवीन आकडे मांडायला घेतले होते.

"बाहेर कोणाला सोडू नका साहेब," ती म्हणाली. "वेग कमी झालाय. आता लवकर येईल."